योग, श्वास आणि थोडंसं ध्यान: हॉस्टेलच्या खोलीतल्या ५८ दिवसांच्या नोंदी

सुरुवातीलाच सांगते, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि योगातला अनुभव शून्य. शाळेत पीटीच्या तासाला मागच्या रांगेत उभं राहून हात अर्धेच वर करणाऱ्यांपैकी मी. मागच्या सेमिस्टरला व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, येत असलेलं उत्तर घशात अडकलं, रात्री तीन-तीन वाजेपर्यंत झोप नाही, आणि लॅपटॉपपुढे बसून मान इतकी आखडलेली की मागे बघायचं तर अख्खी फिरायला लागायचं. म्हणून सुरू केलं. शिकवायला कुणी नाही, व्हिडिओ आणि लायब्ररीतलं एक जुनं पुस्तक एवढंच. जे जे चुकलं ते लिहिलंय, नंतर अक्कल आल्यावर केलेली भर कंसात आहे.

१० जुलै, दिवस ०

आज फक्त तयारी. खोलीत दोन कॉट, दोन टेबलं, एक कपाट, मधे जी फट उरते ती मोजली तर लांबी १९० सेंटीमीटर आणि रुंदी जेमतेम ७५. नेहमीची योगा मॅट साधारण १७३ बाय ६१ असते म्हणजे बसते, पण हात बाजूला पसरला की कॉटच्या लोखंडी पायाला लागतो. मॅट घेताना मिळेल तितकी जाड घेतली, १२ मिलिमीटर, म्हटलं गुडघ्यांना त्रास नको. (भर: इथेच पहिले पैसे पाण्यात. ४ ते ६ मिलिमीटर पुरते, का ते दिवस ११ ला कळेल.)

वहीत प्लॅन लिहिला: पहाटे साडेपाच, १२ सूर्यनमस्कार, ८ आसनं, १५ मिनिटं प्राणायाम, २० मिनिटं ध्यान, सगळं मिळून सव्वा तास. रंगीत पेनांनी टेबल आखलं. रूममेटने वही बघितली आणि म्हणाली, "अगं, तू काल आंघोळीचा पण कंटाळा केलास."

११ जुलै, दिवस १

अलार्म साडेपाचचा, उठले ६:२० ला. व्हिडिओतली बाई इतक्या सहज आसनं बदलते की आपल्यालाही जमेल असं वाटतं, पण ती पुढच्या आसनात पोचली तेव्हा मी अजून मागच्यातून पाय सोडवत होते. मान वर करून स्क्रीन बघायची, परत खाली घालायची, परत वर, असं करता करता १२ पैकी ४ सूर्यनमस्कार झाले आणि तिसऱ्यालाच मनगटं बोंबलायला लागली. धाप इतकी लागली की तोंडाने श्वास. प्राणायाम राहिला, ध्यान राहिलं, शवासनात पडले ती थेट आठला जागी झाले, पहिलं लेक्चर गेलं.

एक गोष्ट लगेच बदलली. व्हिडिओ करता करता बघायचा नाही. आधी नुसतं बसून दोनदा बघायचा, आसनांचा क्रम मोठ्या अक्षरात कागदावर लिहून भिंतीला चिकटवायचा आणि मग स्क्रीन बंद. मानेचं निम्मं दुखणं तिथेच वाचतं.

१३ जुलै, दिवस ३

काल नोंद नाही कारण काल काही केलंच नाही. जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी, आज कालपेक्षा जास्त दुखतंय. सवय नसलेल्या व्यायामाचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतं आणि मग उतरतं, हे माहीत नव्हतं म्हणून काल मी घाबरून काहीतरी तुटलंय असंच धरून चालले होते.

मनगटांचं कारण सापडलं. हातांवर वजन घेताना माझा सगळा भार तळहाताच्या मनगटाकडच्या टोकावर पडतोय आणि बोटं नुसती पडून आहेत. बोटं पसरून अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मुळाशी जमीन दाबली की फरक लगेच जाणवतो. पर्वतासनात (हात-पाय जमिनीवर, कंबर वर, उलट्या V सारखं) हे दहा वेळा नुसतं करून बघितलं, बाकी आज काही नाही.

१५ जुलै, दिवस ५

पश्चिमोत्तानासन. पाय पुढे पसरून बसायचं आणि वाकून पायाची बोटं धरायची. माझी बोटं आणि पायाची बोटं यांच्यात किती अंतर राहतं ते ड्रॉइंगच्या पट्टीने मोजलं, १९ सेंटीमीटर. ठरवलं की रोज मोजायचं आणि महिन्याभरात शून्यावर आणायचं. वहीत ग्राफ काढला, एक्स अक्षावर दिवस, वाय अक्षावर सेंटीमीटर. इंजिनिअरिंगची खोड.

१६ जुलै, दिवस ६

आज घाबरले, म्हणून सविस्तर लिहिते. एका व्हिडिओत कपालभातीचे १०० झटके सांगितले होते. मी जेवून तासभर झाला होता, तरी बसले. पहिले तीस बरे गेले, मग वेग वाढवला कारण व्हिडिओतला माणूस माझ्यापेक्षा फास्ट होता, आणि साठच्या आसपास बोटांना मुंग्या आल्या, ओठांभोवती मुंग्या, डोकं हलकं, खोली जरा लांब गेल्यासारखी. मला वाटलं काहीतरी भारी घडतंय. म्हणून अजून वीस केले. मग मळमळलं आणि मी कॉटला पाठ टेकून अर्धा तास तशीच बसून राहिले.

भारी वगैरे काही नव्हतं. गरजेपेक्षा भराभर श्वास टाकला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून डोकं हलकं, आणि मुंग्याही कार्बन डायऑक्साइड कमी झाल्यानेच येतात. अशा वेळी थांबायचं आणि नेहमीसारखा श्वास चालू द्यायचा, बस. आणि लायब्ररीतल्या पुस्तकात बघितलं तर हठयोगात कपालभाती प्राणायामात धरतच नाहीत, ती सहा शुद्धिक्रियांपैकी एक. म्हणजे मी शिकायला बसले होते श्वास आणि सुरुवात केली भलत्याच टोकाकडून. ब्लड प्रेशर, हृदयाचा त्रास, हर्निया, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर ती करू नका असंच सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि मी ती ओळ स्क्रोल करून पुढे गेले होते. कपालभाती यादीतून काढली. जेवणानंतर तीन-चार तास काही करायचं नाही हाही नियम आजपासून.

१९ जुलै, दिवस ९

पट्टीवर १९ वरून १३ पर्यंत आले. आणि आज लेक्चरच्या लाकडी बाकावर बसल्यावर उजव्या कुल्ल्याखाली, बरोबर ज्या हाडावर आपण बसतो तिथे, चमक मारायला लागली. उभं राहिलं की नाही, बसलं की आहे. तासाभराच्या लेक्चरला एका कुल्ल्यावर बसून काढलं.

संध्याकाळी कॉलेजच्या जिममध्ये येणाऱ्या फिजिओ ताईंना विचारलं. त्यांनी मला वाकून दाखवायला सांगितलं, मी दाखवलं, त्या म्हणाल्या, "ओढतेस कशाला एवढं? मांडीमागचा स्नायू जिथे हाडाला चिकटतो ना, तिथे ओढतेयस तू." रोज सकाळी थंड अंगाने, पट्टी बघत, पायाचे अंगठे धरून स्वतःला ओढणं, हे माझं पश्चिमोत्तानासन. त्यांनी पुढे वाकण्याची सगळी आसनं बंद करायला सांगितली आणि त्याऐवजी सेतुबंधासन, पाठीवर झोपून गुडघे मोडून कंबर उचलायची आणि धरून ठेवायची, कारण त्या जागेला ताण नको, ताकद हवी.

पट्टी ड्रॉइंगच्या बॅगेत परत गेली. ग्राफ फाडला नाही, पण पुढे पॉइंट नाहीत.

२१ जुलै, दिवस ११

वृक्षासन, म्हणजे एक पाय उचलून दुसऱ्यावर उभं राहायचं. डाव्या पायावर तीन सेकंद, मग डुगडुग, मग कॉटवर आपटले. पंधरा वेळा. मला वाटलं माझ्यातच बॅलन्स नाही, मग मॅट गुंडाळून फरशीवर उभी राहिले तर पहिल्या झटक्यात बावीस सेकंद! ती जाड मॅट गादीसारखी दबते, तळव्याखाली काही पक्कं लागतच नाही. तेव्हापासून उभी आसनं फरशीवर अनवाणी, मॅट फक्त गुडघे टेकायला आणि झोपायला.

अजून दोन चुका इथेच. उचललेला पाय मी गुडघ्यावर टेकवत होते, तो गुडघ्याच्या वर मांडीवर किंवा खाली पोटरीवर हवा, गुडघ्याला आडवा जोर देऊ नये. आणि नजर पंख्याकडे होती, चालू पंख्याकडे. समोरच्या भिंतीवर प्लॅस्टरचा एक टवका उडालाय, आता त्याच्याकडे बघते.

२३ जुलै, दिवस १३

बाकी काही वाचलं नाही तरी ही नोंद वाचा.

रूममेट आज लवकर उठली होती, कॉटवर बसून मोबाइल बघत होती आणि मी भुजंगासनात (पालथं झोपून छाती वर उचलायची) होते. ती एकदम म्हणाली, "अगं ए, तू श्वास कधी घेतेस?" मी म्हटलं घेतेय की. ती म्हणाली, "नाही घेत. मघापासून खोलीत एकदम सामसूम होते, मग तू हुश्श करतेस, मग परत सामसूम."

खोटं वाटलं म्हणून मोबाइल मॅटशेजारी ठेवून नुसता आवाज रेकॉर्ड केला, सहा मिनिटांचा. नंतर इअरफोन लावून ऐकलं. आसनात जाताना एक छोटासा आत ओढलेला श्वास, आणि मग काही नाही. पंख्याचा आवाज, बाहेर कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज, अकरा-बारा सेकंद माझा काही आवाज नाही, आणि मग आसन सोडताना मोठ्ठं हुश्श. वृक्षासनात तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोरं. सहा मिनिटांत असं चौदा वेळा.

तेरा दिवस मी आसनं करत नव्हते, श्वास कोंडून अंग ताठ करत होते. धाप का लागायची, मनगटांपासून खांद्यापर्यंत सगळं दगड का व्हायचं, मान अजून का सुटली नाही, सगळ्याचं घोडं एकाच ठिकाणी अडलेलं. लायब्ररीच्या पुस्तकात पहिल्याच पानावर पतंजलींचं सूत्र आहे, स्थिरसुखमासनम्, म्हणजे आसन स्थिर आणि सुखाचं हवं. मी ते वाचून पान उलटलं होतं. माझं स्थिर होतं कारण श्वास रोखला होता, आणि सुख बाकावर बसल्यावर कळलंच होतं.

आणि मग दिवसभर पाळत ठेवली स्वतःवर. लॅपटॉपवर कोड रन केला की एरर येईपर्यंत श्वास बंद. मोबाइलवर मेसेज टाइप करताना बंद. सरांनी रोल नंबर पुकारायला सुरुवात केली की माझा येईपर्यंत बंद.

२४ जुलै, दिवस १४

जुना प्लॅन रद्द. सव्वा तासाचे आता १२ मिनिटं. नियम एकच, श्वासाचा आवाज मला स्वतःला ऐकू आला पाहिजे, अडकला की आसन सोडायचं, मग ते कितीही छान जमलेलं असो. ताडासन, मार्जारासन, भुजंगासन, सेतुबंधासन, बालासन (गुडघे मोडून बसून कपाळ जमिनीला टेकवायचं), शवासन, एवढंच.

मार्जारासन नवशिक्यांना सगळ्यात आधी द्यायला हवं असं माझं मत झालंय. हातागुडघ्यांवर राहून पाठ खाली सोडताना श्वास आत, पाठ मांजरासारखी वर कमानदार करताना श्वास बाहेर, श्वास रोखला तर हालचालच थांबते, त्यामुळे चोरी लगेच पकडली जाते. ढोबळ नियम तिथेच पाठ झाला: छाती उघडते तेव्हा आत, पोट दुमडतं तेव्हा बाहेर.

२७ जुलै, दिवस १७

पोटाने श्वास. पाठीवर झोपून पोटावर पुस्तक ठेवायचं, श्वास आत घेताना पुस्तक वर जायला हवं. माझं खाली जात होतं. मी श्वास घेताना पोट आत ओढते, छाती फुगवते, खांदे कानापर्यंत, म्हणजे बरोबर उलटं. चार दिवस रोज पाच मिनिटं हेच केलं. पहिल्यांदा गणिताचं जाडजूड पुस्तक घेतलं, ते घसरून नाकावर पडलं. लॅब जर्नल बरोबर वजनाचं आहे, निदान त्याचा काहीतरी उपयोग झाला.

आत ढकलून पोट फुगवायचा प्रयत्न केला की जमत नाही. जमलं ते श्वास बाहेर सोडण्यावर लक्ष दिल्यावर. सगळा शांतपणे सोडायचा, जराशी वाट बघायची, मग आत येणारा श्वास आपोआप पोटात उतरतो, घ्यावा लागत नाही.

२९ जुलै, दिवस १९

मोजून श्वास सुरू केला. व्हिडिओत सांगितलं होतं ४ आकड्यांत आत, ६ मध्ये बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. आपण एरवी बसल्याजागी मिनिटाला १२ ते २० घेतो, तर हे एकदम निम्म्यावर किंवा त्याहून खाली आणणं झालं. चौथ्या फेरीला हवा कमी पडायला लागली आणि पुढचा श्वास हपापल्यासारखा आला. म्हणजे पुन्हा तेच, आकडा बघून स्वतःला ओढणं, पट्टीच्या जागी सेकंद.

मग ३ आत, ४ बाहेर. ते सोपं गेलं. आठवडाभर तेच ठेवणार, हपापलेला एक श्वास आला की आकडा कमी करायचा. (भर: ४ आणि ६ वर मी दिवस ४० च्या आसपास पोचले, कधी पोचले ते कळलंही नाही.)

अनुलोम-विलोमही आज पहिल्यांदा, एका नाकपुडीने आत, दुसरीने बाहेर. बोटांचा गोंधळ, उजव्या हाताचा अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका डावीवर, तरी मी तिसऱ्या फेरीला दोन्ही बंद करून बसले होते. शिवाय डावी नाकपुडी चोंदलेली. सर्दी नसताना का, म्हणून शोधलं, तर नाकाचा हा नेहमीचाच कारभार आहे, दोन्ही नाकपुड्या आलटून पालटून दर काही तासांनी मोकळ्या आणि जड होतात, १८९५ मध्ये कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरने हे आधुनिक वैद्यकात पहिल्यांदा लिहून ठेवलं. त्यामुळे एक बाजू जड लागली तर जोर लावून ओढायचं नाही, तिथला श्वास बारीक होऊ द्यायचा. पूर्ण बंद असेल तर त्या दिवशी अनुलोम-विलोम सोडून द्यायचं, दोन्ही नाकपुड्यांनी साधा श्वास घ्यायचा.

३ ऑगस्ट, दिवस २४

चार दिवस नोंद नाही, सबमिशन होतं. त्यात पाळी आली, त्या दोन दिवसांत फक्त बालासन आणि श्वास केला, तेवढंच बरं वाटलं.

'२१ दिवस केलं की सवय लागते' हे मी भिंतीवरच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. २१ वा दिवस आला तेव्हा मी पहाटे दोनला शीटवर बॉर्डर मारत होते, योग आठवलासुद्धा नाही. आरंभशूर म्हणून स्वतःला शिव्या घातल्या. मग कुठेतरी वाचलं की लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये यावर अभ्यास झाला होता, त्यात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, कुणाला २५४, आणि मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. कागदावरचा २१ खोडला.

सकाळचा हट्टही सोडला. मी सकाळची नाहीच. संध्याकाळी लॅबमधून आले की बूट काढायचे, बॅग टाकायची, आणि कॉटवर बसायच्या आधी मॅट. कॉटवर बसले की संपलं.

६ ऑगस्ट, दिवस २७

ध्यान सुरू केलं. वीस मिनिटं मांडी घालून. सात मिनिटांत डाव्या पायाला मुंग्या, बाराव्या मिनिटाला पाय आहे की नाही कळेना, पण म्हटलं साधकाने सहन करावं. टायमर वाजल्यावर उठले आणि बधिर पाऊल वाकडं पडून कपाटावर आदळले. घोटा थोडक्यात वाचला. रूममेट कानातले इअरफोन काढून म्हणाली, "समाधी लागली का?"

पाय बधिर होतो तो मुख्यतः नस दाबली गेल्यामुळे, आणि त्यात सहन करण्यासारखं काही थोर नाही, पाय हलवायचा. बसणंच चुकीचं होतं. माझे गुडघे कंबरेपेक्षा वर राहतात, त्यामुळे कंबर मागे कलते, पाठ गोल होते आणि ती सरळ ठेवायला पूर्ण वेळ कुस्ती. ब्लँकेटच्या चार घड्या घालून फक्त कुल्ल्यांखाली घेतल्या, गुडघे खाली आले, पाठ आपली आपण उभी राहिली. तरी जड गेलं तर सरळ खुर्चीवर बसते, पाय जमिनीवर टेकवून. खुर्चीवर ध्यान होत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला माझा गुडघा द्या.

वेळ पाच मिनिटं. वीस नाही.

९ ऑगस्ट, दिवस ३०

भ्रामरी. तर्जनीने कानाच्या भोकासमोरचा छोटा उंचवटा हलकेच दाबून, तोंड बंद, श्वास सोडताना भुंग्यासारखा आवाज. माझ्यासारख्या श्वास रोखणाऱ्यांना ही फार उपयोगी, कारण आवाज चालू आहे तोवर श्वास बाहेर जातोच आहे, त्यात फसवता येत नाही. शिवाय आवाज जितका बारीक तितका श्वास लांब टिकतो.

अडचण ही की आपले कान आपण बंद केलेले असतात, त्यामुळे आपण किती मोठ्याने गुणगुणतोय ते आपल्याला कळत नाही. शेजारच्या खोलीतल्या मुलीने दार वाजवून विचारलं की तुमच्याकडे मिक्सर आहे का, वॉर्डनला सांगू का. त्यानंतर कान उघडे ठेवून अगदी हळू, पाच वेळा.

१३ ऑगस्ट, दिवस ३४

ध्यानाची पद्धत एकच धरलीये, बाहेर जाणारा प्रत्येक श्वास मोजायचा, १ ते १०, मग परत १. ऐकायला बालवाडीचं वाटतं. आज पाच मिनिटांत दहापर्यंत एकदाच पोचले. एकदा ४ वर असताना उद्याच्या असाइनमेंटमध्ये शिरले, एकदा एका भांडणाला तीन वर्षांनी चोख उत्तर दिलं, आणि एकदा भानावर आले तेव्हा तोंडातल्या तोंडात २३ म्हणत होते. दहाला थांबायचं होतं. मोजणं चालू, मी जाग्यावर नाही.

आधी यावरून वैताग यायचा. पण २०१० मध्ये हार्वर्डच्या दोघा संशोधकांनी लोकांना दिवसभरात मधेच मोबाइलवर विचारून बघितलं होतं की आत्ता मन कामात आहे का, तर जवळपास ४७ टक्के वेळा ते दुसरीकडेच होतं. म्हणजे २३ वर सापडणं ही काही माझीच खासियत नाही. सापडलं की १ पासून, चरफड न करता. चरफडीला सरासरी दीड मिनिट लागतं असा माझा अंदाज आहे.

टायमरबद्दल: पहिले काही दिवस मी दर मिनिटाला एक डोळा उघडून बघायचे. मोबाइल उपडा आणि हाताला न लागेल इतका लांब ठेवला, एअरप्लेन मोडवर, आणि अलार्मचा आवाज बदलला. नेहमीचा उठायचा अलार्म लावला होता तेव्हा शेवट दरवेळी दचकून व्हायचा, पाच मिनिटांची कमाई एका सेकंदात मातीत.

१७ ऑगस्ट, दिवस ३८

झोप येईना म्हणून रात्री अकराला आठ सूर्यनमस्कार घातले, म्हटलं दमले की झोपेन. दोनपर्यंत टक्क जागी. सूर्यनमस्कार रात्री घालायचे नाहीत हे एवढं सरळ असताना मला करून बघावं लागलं.

दुसऱ्या रात्री उलट केलं. दिवा बंद, भिंतीवर पाय टेकवून पाच मिनिटं, मग कुशीवर वळून ३ आत, ५ बाहेर, मोजत. सकाळी आठवलं तेवढं सातव्या-आठव्या श्वासापर्यंतचं. रोज असं होत नाही, आठवड्यातून तीन-चार वेळा होतं. बाकीच्या रात्री मोबाइल जिंकतो.

२३ ऑगस्ट, दिवस ४४

इंटर्नल व्हायवा. बाहेर रांगेत उभी होते, माझ्या पुढची आत गेली, आणि लक्षात आलं की श्वास बंद आहे. दात आवळलेले, पोट आत, खांदे वर. लक्षात आलं हीच नवी गोष्ट, कारण आधीही असंच होत असणार. खांदे सोडले, लांब श्वास बाहेर सोडला, चार-पाच वेळा, भिंतीकडे तोंड करून, लोकांना वाटलं असेल पाठ करतेय.

आत गेल्यावर काही चमत्कार झाला नाही. पहिला प्रश्न चुकला. दुसऱ्याला पुन्हा घसा बंद व्हायला लागला, तेव्हा "एक मिनिट, सर" म्हटलं आणि श्वास सोडला, मग उत्तर आलं. तिसऱ्याचं अर्धं आलं. मार्क मधलेच पडतील. पण मागच्या वेळी येत असलेलं बोलता आलं नव्हतं, यावेळी जे बोलता आलं नाही ते मुळात येतच नव्हतं.

३० ऑगस्ट, दिवस ५१

बाकावर दुखत नाही, आता आठवडा झाला. म्हणजे चार-पाच दिवसांच्या ओढाताणीची भरपाई करायला पाच-सहा आठवडे. सेतुबंधासन चुकवलं नाही. फिजिओ ताईंनी पुढे वाकायला परवानगी दिली, गुडघे भरपूर मोडून, पोट मांडीला टेकलेलं ठेवून, हात जातील तिथे. मोजायचं नाही असं त्यांनी सांगितलं नव्हतं, ते मीच ठरवलं.

भुजंगासनातही एक सुधारणा. कमरेत चिमटा बसायचा कारण मी हातांनी ढकलून वर जात होते. आता आधी हात जमिनीपासून उचलून, पाठीच्या जोरावर छाती जितकी वर येते तितकीच आणते, मग हात टेकवते. उंची निम्मी झाली, चिमटा गेला.

६ सप्टेंबर, दिवस ५८

हिशोब. ५८ पैकी ४१ दिवस झालं, १७ दिवस नाही. वाया गेलं ते असं: जाड मॅटचे पैसे, एक लेक्चर, कपालभातीची एक अख्खी संध्याकाळ, आणि तेरा दिवसांची कोंडलेल्या श्वासाची आसनं. मान वळते. झोप आधीपेक्षा बरी, चांगली म्हणणार नाही. मांडी घालून पंधरा मिनिटं बसते, ब्लँकेटवर. ध्यान अजून आठ मिनिटांच्या पुढे गेलेलं नाही आणि मी नेतही नाहीये.

सध्याचा क्रम, कुणाला हवा असेल तर: मार्जारासन दहा वेळा, सूर्यनमस्कार चार, सावकाश, वृक्षासन दोन्ही पाय, भुजंगासन तीन, सेतुबंधासन तीन, बालासन, मग अनुलोम-विलोम पाच मिनिटं, श्वास कुठेही न रोखता, मग मोजत बसणं आठ मिनिटं, शेवटी शवासन. शवासनात अंगावर चादर घेत नाही, घेतली की झोप. सगळं मिळून अर्धा तास.

काल पुन्हा सहा मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं. सामसूम चार वेळा, त्यातली तीन वृक्षासनात. जाड मॅट रूममेटने तिच्या टेबलाखाली पाय ठेवायला घेतलीये, मी फरशीवर चादरीची घडी टाकते. उद्या सकाळी प्रॅक्टिकल आहे आणि संध्याकाळी लॅब उशिरा सुटणार, त्यामुळे सूर्यनमस्कार दोनच.